शाळेच्या फाटकावरचा माणूस: त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च कोणी करायचा?

वैराग हे बार्शी–सोलापूर रस्त्यावरचे मोठे बाजारपेठेचे गाव. आसपासच्या खेड्यांतली मुले-मुली एसटीने, वडापने, सायकलने इथल्या शाळांत येतात. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पहिली निवडणूकही झाली. पण आपल्या गावातल्या किंवा वस्तीजवळच्या शाळेच्या फाटकावर सकाळी उभे राहून पाहा. तिथे कोण उभे असते? बहुतेक ठिकाणी कोणीच नसते. कुठे निवृत्तीला आलेला शिपाई असतो, कुठे मानधनावरचा तरुण असतो. त्या माणसाला मुलांच्या सुरक्षेचे प्रशिक्षण कोणी दिले, किती तासांचे दिले आणि पैसे कोणी भरले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

हा प्रश्न आपल्याला दोन बाजूंनी भिडतो. जिल्हा परिषद शाळा, अनुदानित विद्यालये, समाजकल्याणची वसतिगृहे आणि शासकीय निवासी शाळा यांत आपली मुले मोठ्या संख्येने शिकतात. आणि पहारेकरी, सुरक्षारक्षक, सफाई कामगार म्हणून कंत्राटावर राबणाऱ्यांतही आपलीच माणसे असतात. म्हणून कायदा काय सांगतो, शासन निर्णय काय मागतात आणि पैसा कुठून येतो, याची माहिती कार्यकर्त्यांना एका जागी मिळावी यासाठी हा लेख.

थोडक्यात

• खासगी एजन्सीच्या सुरक्षारक्षकाला प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कायद्याने एजन्सीवर आहे.
• मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, मग तो कायम असो वा कंत्राटी, बालसुरक्षेचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी केंद्र व राज्य सरकारवर आहे.
• शाळेने थेट मानधनावर नेमलेला माणूस पहिल्या नियमात बसत नाही. दुसऱ्यात बसतो, पण त्याच्यापर्यंत प्रशिक्षण पोहोचले का, हे फारसे कोणी विचारत नाही.
• अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणी पदांसाठी शासनाने २०२० मध्ये ठरवलेला ग्रामीण भत्ता महिना ५,००० रुपये आहे.

प्रश्न ऐरणीवर कसा आला

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. आरोपी शाळेत कंत्राटी पद्धतीने नेमलेला सफाई कर्मचारी होता. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२३ मध्ये, मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा अत्याचार करून खून झाला. संशय वसतिगृहातच अनेक वर्षे काम करणाऱ्या पहारेकऱ्यावर होता. त्याचा मृतदेह जवळच्या रेल्वेमार्गावर सापडला.

दोन्ही घटनांत माणूस बाहेरून भिंत चढून आलेला नव्हता. संस्थेने कामावर ठेवलेल्या माणसाकडेच बोट गेले. भिंत, कॅमेरा आणि गणवेश यांच्याइतकीच माणसाची निवड, पडताळणी आणि प्रशिक्षण महत्त्वाचे आहे, हे या दोन घटनांनी दाखवले.

बदलापूरनंतर शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढला. शाळेत सीसीटीव्ही बसवणे, मुख्याध्यापकांनी चित्रीकरण नियमित तपासणे, कंत्राटी व बाह्यस्रोतातून आलेल्या कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करणे, सहावीपर्यंतच्या वर्गांसाठी शक्यतो महिला कर्मचारी नेमणे, तक्रारपेटी ठेवणे, सखी सावित्री समिती कार्यरत ठेवणे आणि अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांच्या आत वरिष्ठांना कळवणे, अशा सूचना त्यात आहेत.

सूचना योग्य आहेत. कॅमेरा मात्र एकदा विकत घेता येतो आणि त्याचे बिल जोडता येते. माणूस दर महिन्याला पोसावा लागतो आणि पुन्हा पुन्हा शिकवावा लागतो. त्यामुळे कॅमेऱ्याची निविदा लवकर निघते आणि माणसाचे प्रशिक्षण कागदावरच राहते.

प्रशिक्षण कोणी द्यायचे: कायदा काय म्हणतो

खासगी सुरक्षा एजन्सीज (नियमन) कायदा, २००५. या कायद्याच्या कलम ९ नुसार आपल्या रक्षकांना ठरलेले प्रशिक्षण मिळेल याची खात्री करणे एजन्सीचे काम आहे. प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाला रक्षक म्हणून नेमता येत नाही. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत किमान १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे, असे १६० तासांचे प्रशिक्षण किमान २० कामाच्या दिवसांत द्यावे असे म्हटले आहे. माजी सैनिक व माजी पोलिसांसाठी ते ४० अधिक १६ तास, किमान ७ दिवस इतके कमी आहे. विषयांत आग विझवणे, गर्दी हाताळणे, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणे, आपत्तीच्या वेळी काय करायचे हे सगळे येते. मुलांशी कसे वागावे, मुलाने काही सांगितले तर काय करावे, हा स्वतंत्र विषय त्या यादीत नाही. हा रक्षक बँकेसाठी, गोदामासाठी, मॉलसाठी घडवलेला आहे. तोच माणूस शाळेच्या फाटकावर येतो.

पॉक्सो नियम, २०२०. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याखालील या नियमांपैकी नियम ३ आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा आहे. मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आहे आणि त्यांना बालसुरक्षेबाबत प्रशिक्षण मिळेल हे पाहायचे आहे. याच नियमानुसार केंद्र सरकार आणि प्रत्येक राज्य सरकार यांनी मुलांच्या संपर्कात येणाऱ्या सर्व व्यक्तींना, कायम असोत वा कंत्राटी, वेळोवेळी प्रशिक्षण द्यायचे आहे. थोडक्यात, हा सार्वजनिक खर्च आहे. शाळेने पालकांकडून वर्गणी काढून किंवा गरीब कामगाराने स्वतःच्या खिशातून भरण्याची ही बाब नाही.

महाराष्ट्र खासगी सुरक्षारक्षक कायदा, १९८१. या कायद्याखाली सुरक्षारक्षक मंडळे आहेत. मंडळाकडे नोंदणी झालेल्या रक्षकाचे वेतन आणि त्यावरची लेव्ही मालक मंडळात भरतो, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ मिळतात. याखेरीज माजी सैनिकांचे महामंडळ (मेस्को) आणि २०१० च्या कायद्याने झालेले महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ हे सरकारी पर्याय आहेत. ते सरकारी कार्यालये व मोठ्या संस्थांना परवडतात. खेड्यातल्या चार खोल्यांच्या शाळेपर्यंत ते सहसा येत नाहीत.

पाच हजारांचा चौकीदार

आता पैशाकडे येऊ. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित व अंशतः अनुदानित माध्यमिक-उच्च माध्यमिक शाळांतील शिपाई, पहारेकरी, चौकीदार, सफाईगार यांसारखी चतुर्थश्रेणी पदे, आहे तो कर्मचारी निवृत्त झाला की संपवायची आणि त्या जागी शाळेला भत्ता द्यायचा, असे धोरण ठरवले. हा भत्ता मुंबई-पुणे क्षेत्रासाठी महिना १०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांसाठी ७,५०० रुपये आणि उरलेल्या, म्हणजे ग्रामीण भागासाठी, ५,००० रुपये असा आहे. शिक्षकेतर संघटनांनी तेव्हाच विरोध नोंदवला होता.

महिना ५,००० रुपये म्हणजे २६ दिवसांनी भागल्यास दिवसाला सुमारे १९२ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. नालाबांध खणणाऱ्याला जे मिळते त्याच्या दोन तृतीयांशही शाळेतली मुले सांभाळणाऱ्याला मिळत नाही. मग त्या कामावर कोण टिकतो? दुसरे काहीच न मिळालेला, किंवा दोन ठिकाणी ड्युटी करणारा. रात्री कारखान्यावर जागून आलेला माणूस सकाळी शाळेच्या फाटकावर डुलक्या घेत असेल, तर दोष त्याचा एकट्याचा नाही.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांची स्थिती वेगळी आहे. तिथे बहुतेक ठिकाणी शिपाई किंवा पहारेकऱ्याचे पदच मंजूर नसते. फाटक उघडणे, घंटा देणे, अनोळखी माणसाला हटकणे हे सगळे शिक्षकच करतात, किंवा खिचडी शिजवणारी ताई करते.

एका माणसाच्या प्रशिक्षणाचा हिशेब

प्रशिक्षणाला फार खर्च येतो, असे सांगून विषय टाळला जातो. म्हणून हिशेबच मांडू.

केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाने जुलै २०१५ मध्ये अधिसूचित केलेल्या सामायिक खर्च निकषांत अभ्यासक्रमाच्या गटानुसार प्रति तास २७.५० रुपये, ३३ रुपये आणि ३८.५० रुपये असे दर होते. पुढे ते वाढले. पण हेच जुने दर धरले, तरी १६० तासांचे एका माणसाचे शुल्क ४,४०० ते ६,१६० रुपये होते.

खर्च एवढ्यावर थांबत नाही. वीस दिवस माणूस प्रशिक्षणाला गेला, तर फाटकावर बदली माणूस लागतो. त्याला रोजगार हमीच्या दराने मजुरी दिली तरी ६,२४० रुपये होतात. म्हणजे एका रक्षकाचा किमान खर्च १०,६४० ते १२,४०० रुपये. सोलापूरला जाण्या-येण्याचे एसटी भाडे आणि जेवण वेगळे.

आता शाळेच्या हातात काय असते ते पाहा. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळांना पटानुसार वार्षिक संयुक्त शाळा अनुदान मिळते:

• ३० पटापर्यंत: १०,००० रुपये
• ३१ ते १००: २५,००० रुपये
• १०१ ते २५०: ५०,००० रुपये
• २५१ ते १,०००: ७५,००० रुपये
• १,००० च्या वर: १,००,००० रुपये

याच पैशातून वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता भागवायची असते. ३० पटाच्या वस्तीशाळेचे वर्षाचे सगळे अनुदान एका माणसाच्या प्रशिक्षणालाही पुरत नाही. ७० पटाच्या शाळेचे जवळपास निम्मे अनुदान त्यात जाईल. शाळेने आपल्या पातळीवर हा खर्च करावा, असे म्हणणे म्हणजे प्रशिक्षण होऊच नये असे म्हणणे आहे.

हाच खर्च जिल्ह्याने एकत्र केला तर चित्र बदलते. शाळेतल्या प्रत्येकाला १६० तासांची गरज नाही. पूर्णवेळ रक्षकाला ती आहे. शिपाई, स्वयंपाकी-मदतनीस, सफाई कर्मचारी, व्हॅनचालक यांना एक-दोन दिवसांचे बालसुरक्षा प्रशिक्षण पुरेसे आहे, आणि ते केंद्र पातळीवर घेता येते. शिक्षकांच्या शिक्षण परिषदा केंद्रात भरतातच. त्याच जागेत पोलीस ठाण्याचा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा प्रतिनिधी आणि वेळापूरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे (डाएट) अधिव्याख्याते येऊ शकतात. हॉलचे भाडे नाही, मुक्काम नाही. खर्च उरतो चहा-जेवणाचा आणि त्या दिवसाच्या मजुरीचा. मजुरी दिलीच पाहिजे. रोजंदारीवरच्या बाईने एक दिवसाची कमाई बुडवून प्रशिक्षणाला यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

सरकारला हे अशक्य नाही. मुलींना स्वसंरक्षण शिकवण्यासाठी समग्र शिक्षेतूनच ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ योजना चालते. त्यासाठी तीन महिने दरमहा ३,००० रुपये मिळत. ते आता ५,००० रुपये झाले आहेत. मुलीला स्वतःचा बचाव करायला शिकवण्यासाठी तरतूद आहे. मग तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांना त्यांची जबाबदारी शिकवण्यासाठी तशीच नावानिशी तरतूद का नसावी?

बाहेरच्या देशांत काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला रुजू होताना बालसुरक्षेचे प्रशिक्षण आणि नंतर किमान वर्षातून एकदा उजळणी द्यावी लागते. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने शाळासुरक्षेच्या प्रशिक्षणासह इतर उपायांसाठी संघ सरकार ७५ टक्क्यांपर्यंत वाटा उचलते. दोन्ही ठिकाणी हा खर्च शाळेच्या वर्गणीवर सोडलेला नाही.

येसकर ते सुरक्षारक्षक

हा विषय आपल्याला नवा नाही. गावाच्या वेशीवर पहारा देणारा येसकर कोण होता, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी सांगावे लागले नाही. वेस त्याने राखायची, पाहुण्याची वर्दी त्याने द्यायची, सरकारी सारा त्याने पोहोचवायचा आणि बदल्यात दारोदार भाकरी मागायची. पगार नव्हता, कामाचे तास नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच गुलामीविरुद्ध. कनिष्ठ गावकी वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्यानंतर.

आज पहाऱ्याचे काम कोणत्याही जातीवर लादलेले नाही, हा मोठा फरक आहे. पण कामाची जबाबदारी पूर्ण आणि मोबदला अपुरा, शिकवायचे काही नाही आणि काही घडले की पहिला संशय त्याच्यावर, ही जुनी रीत कंत्राटाच्या नावाने परत येत असेल तर ती ओळखता आली पाहिजे. प्रशिक्षण हा मुलांचा हक्क आहे, तसा तो कामगाराचाही आहे. आग लागल्यावर काय करायचे हे ज्याला शिकवलेच नाही, त्याला आगीनंतर जबाबदार धरणे हा न्याय नव्हे.

सार्वजनिक पैशाबाबतही सोलापूरचा एक दाखला आपल्याजवळ आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्याला सोलापूर नगरपालिकेने महिना ४० रुपये अनुदान दिले होते. समाजाने पुढाकार घ्यायचा आणि स्थानिक संस्थेला तिचा वाटा उचलायला लावायचा, ही रीत शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात वापरली गेली आहे.

एक आक्षेप

काही कार्यकर्ते म्हणतात, मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, मग रक्षक शिकवून काय होणार? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. म्हणूनच प्रशिक्षण फक्त काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसापुरते ठेवू नये. शिक्षक, शिपाई, स्वयंपाकी, व्हॅनचालक, वसतिगृहाचे गृहपाल हे सगळे त्यात आले पाहिजेत. गुन्हा झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा पॉक्सो कायद्याच्या कलम २१ खाली गुन्हा आहे, हे शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असले, तर प्रकरण दाबून टाकण्याची प्रवृत्ती तरी कमी होईल.

कार्यकर्त्यांनी काय करावे

१. शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा असतात. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. त्या आराखड्यात कर्मचारी प्रशिक्षण ही स्वतंत्र ओळ घालायला लावा. ओळ नसेल तर पैसा येत नाही.

२. माहिती मागा. माहिती अधिकारात एका विषयावर, १५० शब्दांच्या आत अर्ज करा. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. प्राथमिक शाळांसाठी बार्शी पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी कार्यालय, माध्यमिकसाठी सोलापूर जिल्हा परिषदेचा माध्यमिक शिक्षण विभाग, वसतिगृहे व निवासी शाळांसाठी सहायक आयुक्त, समाजकल्याण, सोलापूर. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर २० रुपये शुल्कासह पहिले अपील करा.

अर्जात एवढेच विचारा: मागील तीन वर्षांत आपल्या अखत्यारीतील शाळांत/वसतिगृहांत नेमलेल्या सुरक्षा व चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांची संख्या (कायम, मानधन, कंत्राटी), त्यांपैकी पोलीस पडताळणी झालेल्यांची संख्या, पॉक्सो नियम २०२० च्या नियम ३ नुसार झालेल्या प्रशिक्षणांच्या तारखा व उपस्थिती, त्यावर झालेला खर्च व लेखाशीर्ष, एजन्सीसोबतच्या करारनाम्याची प्रत.

३. करारनामा वाचा. वसतिगृहात एजन्सीचे रक्षक असतील तर एजन्सीचा परवाना, प्रशिक्षणाचा पुरावा आणि रक्षकाला खरोखर हातात मिळणारा पगार तपासा. प्रशिक्षणाच्या नावाने रक्षकाच्या पगारातून कपात होत असेल, तर लेखी घेऊन कामगार कार्यालयाकडे जा.

४. रक्षकाला सोबत घ्या. तो आपल्याच वस्तीतला असू शकतो. तपासणीला गेल्यासारखे त्याच्यापुढे उभे राहू नका. त्याला आधी विचारा, तुला काय शिकायला मिळाले, ड्युटी किती तासांची आहे, पगार वेळेवर होतो का?

५. विहारात एक बैठक घ्या. पालकांना १०९८ ही चाइल्डलाइन आणि ११२ हा पोलीस मदतीचा क्रमांक सांगा. शाळेत तक्रारपेटी आहे का आणि ती कोण उघडते, हे मुलांनाच विचारा. मोठ्यांना ठाऊक नसते ते मुलांना ठाऊक असते.

फाटकावरच्या माणसाला वेळेवर पुरेसा पगार मिळावा, तो शिकलेला असावा आणि मुलांनी त्याला नावाने ओळखावे, एवढीच ही मागणी आहे. तिचा खर्च सरकारचा आहे, तसे सरकारच्याच नियमात लिहिले आहे. तो अंदाजपत्रकात दिसेपर्यंत विचारत राहणे हे आपले काम.

नमो बुद्धाय, जय भीम!